मदत हवी आहे: वही बरोबर, पण मुलीला येतंय का?

नमस्कार मंडळी. मुलगी चौथीत आहे. वह्या नीटनेटक्या, पानोपानी बरोबरच्या खुणा, प्रगतिपुस्तकात शेरेही चांगले. पण काल सहज ५२ मधून २७ वजा करायला सांगितले, तर तिने ३५ लिहिले. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून सरळ ७ मधूनच २ वजा केले! दशक सुटा करायचा असतो हे तिला कळलेलंच नाही. वहीत मात्र अशीच गणितं बरोबर आहेत, सगळी फळ्यावरून उतरवलेली. धडा घडाघडा वाचते, पण ‘तो मुलगा परत का फिरला?’ असं विचारलं की गप्प.

बाईंवर राग नाही, वर्ग मोठा आहे आणि त्या मनापासून शिकवतात. पण मूल खरंच पुढे गेलं का, हे वहीवरून कळत नसेल तर कशावरून ओळखायचं? पालकसभेत त्यांना न दुखावता नेमकं काय विचारू? वर्षाच्या सुरुवातीचं आणि आत्ताचं, तिने स्वतः केलेलं काम शेजारी शेजारी दाखवा, असं म्हटलं तर चालेल का?

आणि वजाबाकीसाठी घरी आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवून दाखवू, की थेट उभी मांडणी? प्राथमिकला शिकवणारं कुणी असेल तर कृपया सांगा.