पाठीवर सॅक असताना अंगात खिशांचं जाकीट कशाला?

कारवीची_वाट
आमच्या गटात पावसाळ्यानंतरच्या मोहिमांची तयारी सुरू आहे आणि एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. सह्याद्रीत दोन-तीन दिवस जायचं, पाठीवर सॅक आहेच, मग वर बिनबाह्यांचं खिशांचं जाकीट घ्यायचं का? फोटोग्राफर घालतात तसलं.

माझं मत: घ्यावं. पण त्यात तेवढंच ठेवावं जे सॅक जवळ नसतानाही लागणार आहे. अलंग-मदनच्या किंवा लिंगाण्याच्या कातळटप्प्यावर माणूस आधी चढतो, सॅक मागून दोराने ओढून घेतात. गट मोठा असला की यात तास-दीड तास सहज जातो. वर पोचलेल्याची सॅक खाली, खालच्याचं पाणी वर. त्यात अंधार पडला आणि हेडटॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात असली तर ती असून नसल्यासारखीच. सॅक घळीत गडगडली तर विचारायलाच नको.

म्हणून माझ्या जाकिटात असतं ते असं: हेडटॉर्च, शिट्टी, लायटर, बोटभर पात्याचा चाकू, ओआरएसचं पाकीट, एक क्रेप बँडेज, रोजची औषधं आणि फोन. सगळं मिळून किलोच्या आत. पाणी, पॉवर बँक, खाऊ सॅकमध्येच. दुकानात मात्र वीस-बावीस खिशांची जाकिटं दाखवतात आणि लोक तीच घेतात, कारण खिसा दिसला की तो भरावासा वाटतो. माझा खरा विरोध तिथे आहे.

दुर्गपायी
ताई, यादी उत्तम. पण तिच्यासाठी जाकीट कशाला लागतं? सॅकला कंबरपट्टा दिलाय तो ओझं खांद्यावरून उतरवून कमरेच्या हाडावर घ्यायला. आता तुम्ही पुन्हा खांद्यावर आणखी एक कपडा टांगताय. तोही कधी? ऑक्टोबरच्या उन्हात, कोकणातून घाटावर चढताना. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढा, निम्म्या वाटेत छाती-पाठ भिजून चिंब होते. दमट हवेत घाम आधीच लवकर वाळत नाही, त्यावर दुहेरी कापड चढवलं तर अंग थंड व्हायचं कसं? उन्हाचा त्रास होऊन कोसळणाऱ्यांची गोष्ट दर मोसमात ऐकतो.

आपल्याला वाट दाखवणारे गावातले दादा आठवा. कमरेला दोरी, मागे लाकडी आकडीत अडकवलेला कोयता, खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. आयुष्य त्या रानात गेलंय त्यांचं. पँटला चेनचे दोन खिसे आणि कमरेला एक पाऊच, एवढ्यात तुमची सगळी यादी बसते.

कारवीची_वाट
काका, त्या दादांचं घर त्याच डोंगराखाली असतं आणि त्यांना परतीची वाट अंधारातही पायाला माहीत असते. आपलं तसं नाही.

कमरेच्या पाऊचबद्दल दोन अडचणी. सॅकचा कंबरपट्टा जिथे बसतो तिथेच पाऊच येतो. मग एकतर पट्टा सैल ठेवावा लागतो, म्हणजे तुम्ही म्हणता ते ओझं पुन्हा खांद्यावरच, नाहीतर पाऊच घसरून मांडीवर येतो आणि प्रत्येक पावलाला आपटतो. दुसरं, सांधण दरीत उतरल्यावर डोह लागतात, मोसमानुसार पाणी कमरेपर्यंत येतं. तिथे कमरेचं सगळं पाण्यात जातं, छातीवरचं कोरडं राहतं.

उकाड्याचा मुद्दा खरा आहे. त्यासाठीच पाठीला आणि बगलेत जाळी असलेलं जाकीट हवं. पाठीवर खिसे नकोतच, सॅक टेकली की ते कुणाच्या कामाचे?

दोर_आणि_गाठ
मी दोरकामाच्या बाजूने बोलतो, कारण हा मुद्दा दोघांनीही घेतलेला नाही.

रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, दोर उतरायच्या साधनातून सरकत असतो, आणि ते साधन बेंबीच्या आसपास असतं. जाकिटाचा घेर, लोंबणारा पट्टा, उघडी चेन, काहीही त्या दोराबरोबर आत ओढलं जाऊ शकतं. मोकळे केस आणि सैल कपडे बांधायला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात ते याच कारणासाठी. अडकलेला माणूस मध्येच लटकतो, आणि घाईत जाकीट कापायला चाकू काढला तर ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी दोर जाऊ शकतो. जाकीट घ्यायचंच असेल तर ते हार्नेसच्या, म्हणजे दोराला जोडायला कमरेला-मांड्यांना बांधतात त्या पट्ट्यांच्या, वर संपलं पाहिजे. बाजारातली बहुतेक जाकिटं ढुंगणापर्यंत येतात, ती इथे बाद.

चढताना त्याहून वाईट. छातीवर चार बोटं जाडीचे खिसे असले की कातळाला अंग चिकटवता येत नाही, शरीर बाहेर ढकललं जातं आणि सगळा भार बोटांवर येतो. मान खाली केली तर पाय ठेवायची खोबणी दिसत नाही. पडलात तर पॉवर बँक किंवा चाकू थेट बरगडीवर. मी टप्प्यावर कुणालाही भरलेलं जाकीट घालून चढू देत नाही, आणि देणारही नाही.

सह्यभटक्या
यावर उपाय आहे ना. लष्करी पद्धतीचं मोले जाकीट घ्या. एक इंच रुंदीच्या पट्ट्या, मध्ये एक इंच मोकळी जागा, दीड-दीड इंचावर टाके. त्यात हवा तो पाऊच हवा तिथे ओवता येतो. कातळावर जायचंय, पुढचे पाऊच काढून कडेला लावा. मुक्कामाला परत पुढे. 1000 डेनियरचं कॉर्ड्युरा, म्हणजे जाड धाग्याचं नायलॉन कापड, असेल तर वर्षानुवर्षं फाटत नाही. एका मोहिमेपुरतं पाहू नका.

दुर्गपायी
फाटत नाही हे मान्य. वजन किती, भिजल्यावर वाळतं कधी?

घाटपांदी
सह्यभटक्या, तुमचं जाकीट उघड्या माळावर ठीक. आपल्याकडच्या वाटा घाणेरी, करवंदी आणि कारवीतून जातात. त्या पट्ट्यांच्या प्रत्येक फटीत काटा अडकतो. पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकलं की वेल्क्रोत कुसळं भरतात आणि दोन दिवसांत ते चिकटायचं थांबतं, मग पाऊच चालता चालता उघडतो. खिशाला चेनच हवी, तीही प्लॅस्टिकची जाड दात्यांची, आणि ओढायला दोरीचा तुकडा बांधलेला, म्हणजे गारठलेल्या बोटांनी उघडता येते.

आता रंग, कारण यावर कुणी बोलत नाही आणि मला हे खिशांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. लष्करी जाकीट म्हटलं की काळं, गडद हिरवं किंवा चट्ट्यापट्ट्यांचं. आपल्या कड्यांवर आग्या मोहोळं आहेत, आणि मधमाशा चवताळल्या की गडद रंगावर जास्त जातात. हे डोंगरातले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, मधमाश्या पाळणारेही पांढरे कपडे याचसाठी घालतात. शिवाय तुम्ही घळीत पाय मोडून पडलात आणि शोधायला माणसं आली तर झाडीत मिसळणारा रंग तुमचा वैरी आहे. केशरी किंवा पिवळा घ्या.

चट्ट्यापट्ट्यांबद्दल आणखी एक. लष्कराने जानेवारी 2022 मध्ये जो नवा लढाऊ गणवेश आणला, त्याचं डिझाइन लष्कराच्या नावावर नोंदलेलं आहे. तसं कापड बाजारात विकणं बेकायदा आहे. छावणीच्या आसपास किंवा रात्री गावात तसं जाकीट घालून शिरलात तर लोक घाबरतात. वाट विचारायला गेलेल्या माणसाला बघून दार लागू नये.

सह्यभटक्या
रंगाचं पटलं. माझं खाकी आहे, तरी सॅकला केशरी कव्हर असतंच की.

घाटपांदी
सॅक गेली तर कव्हरही तिच्याबरोबर गेलं. ताईंचा मूळ मुद्दा तोच आहे.

निरा_काठची
बायकांच्या बाजूने बोलते. ही जाकिटं पुरुषांच्या मापाने शिवतात. छातीवरचे खिसे आमच्याकडे जिथे येतात तिथे काही ठेवताच येत नाही, आणि ठेवलं तर सॅकचा छातीचा पट्टा नीट लागत नाही. खांद्यावरचा सॅकचा पट्टा वरच्या खिशावरून जातो, तो खिसा दिवसभर बंदच. मी शेवटी सॅक दुरुस्त करणाऱ्या शिंप्याकडून शिवून घेतलं. सॅक भरून, पाठीला लावून त्याच्यासमोर उभी राहिले आणि पट्टे कुठून जातात ते खडूने आखून घेतलं. पट्टा आणि मधली चेन यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते तिथे दोन उभे खिसे, बरगड्यांच्या खालच्या बाजूला दोन चपटे. एवढेच चार. कडेला आवळायला नाड्या, आणि त्यांची टोकं आत शिवलेली. खिशाच्या तळाला बारीक छिद्रं, पावसाचं पाणी साचत नाही. दुकानातल्या जाकिटापेक्षा पैसेही कमी लागले.

दोर_आणि_गाठ
हे ऐकायला आवडलं. चार चपटे खिसे, हार्नेसच्या वर संपणारं, नाड्यांची टोकं आत. असं असेल तर रॅपलिंगला माझी हरकत उरत नाही. चढाईच्या टप्प्यावर मात्र समोरचे दोन खिसे रिकामे, त्यातलं सामान बरगडीच्या खिशात. पातं असलेली वस्तू दुमडूनच ठेवायची, आणि दोर धरणाऱ्या हाताकडे कधीच नाही.

रानमेवा
सर्पदंशाचा किट कोणत्या खिशात ठेवता? ब्लेड आणि चोषक येतो तो.

कारवीची_वाट
कुठल्याच नाही, तो फेकून द्या. चावलेल्या जागी कापणं, चोखणं, दोरीने आवळणं, यातलं काहीही करायचं नाही. घोणस किंवा फुरशाच्या विषाने आधीच रक्त गोठायचं थांबतं, वर कापलंत तर ते वाहतच राहील. माणसाला धीर द्यायचा, तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात लवकरात लवकर पोचवायचं. त्यासाठी जाकिटात चार्ज असलेला फोन हवा. 108 लावता आला पाहिजे. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. ही शिट्टी खिशात नको, चेनच्या वरच्या टोकाला दोरीने बांधलेली हवी, हात मोडला तरी तोंडापर्यंत येईल अशी.

दुर्गपायी
शिट्टीचं सगळ्यांनी आजच करावं, जाकीट घ्या किंवा नका घेऊ.

माझं मत मात्र तसंच आहे. कातळटप्पे आणि दोर असलेल्या मोहिमेला निराकाठच्या ताईंनी शिवून घेतलं तसलं जाकीट चालेल. पण राजगड, तोरणा, कळसूबाई अशा मळलेल्या वाटांवर सॅक तुमच्या पाठीवरून उतरते ती जेवायला आणि झोपायला. तिथे दोन चेनवाले खिसे असलेला, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरतो. ऊन, काटे आणि डास यांच्यापासून बाह्या वाचवतात, जाकिटाला त्याच नसतात. नव्या मुलांनी आधी बुटांवर पैसे खर्च करावेत.

कारवीची_वाट
बूट आधी, यावर वाद नाही. तोरण्याबद्दल आहे. राजगडहून तोरण्याला जाणारी धारेवरची वाट धुक्यात चुकते, आणि गट पुढे-मागे झाला की सॅक एकाकडे, टॉर्च दुसऱ्याकडे होते. मी तिथेही घालणार.

निराकाठची, तुमच्या शिंप्याने खिशाला कापड कोणतं वापरलं आणि जाळी कुठली, ते लिहाल का? आमच्या गटातल्या चौघींना शिवून घ्यायचंय.