रतनमहालला मुलांसह तंबूत मुक्काम: एप्रिलमध्ये जावे का?

सुरसागरकाठचा:
नमस्कार. आम्ही बडोद्याचे. मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर एप्रिलमध्ये नऊ आणि सहा वर्षांच्या दोघांना घेऊन दाहोद जिल्ह्यातील रतनमहाल अभयारण्यात दोन रात्री राहण्याचा विचार आहे. आमच्याकडे चार माणसांचा तंबू आहे. तो पानम नदीच्या काठी लावून तिथेच चूल मांडता येईल का, आणि अस्वलांची भीती कितपत खरी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मांडवीकर:
तंबू घरीच राहू द्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात जाण्यासाठीच परवाना लागतो आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवण्यास मनाई आहे; तेव्हा आपल्या मनाने नदीकाठी मुक्काम करण्याचा प्रश्नच येत नाही. वनखात्याचा उधळ महुडा येथे तळ आहे, तिथे आगाऊ नोंदणी करावी. या नावातला ‘महुडा’ म्हणजे आपला मोह, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या झाडापाशीच आहे.

मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. रात्री उमललेली फुले पहाटे टपटप गळतात. ती खायला अंधारात अस्वले येतात आणि उजाडता उजाडता तीच फुले वेचायला गावातल्या बायका-मुले टोपल्या घेऊन निघतात, त्यामुळे गाठ पडण्याची शक्यता याच दिवसांत अधिक असते. अस्वलाचे नाक तीक्ष्ण असले तरी नजर अधू असते, आणि खाण्यात गढले की माणूस जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. मग ते बिथरून अंगावर येते. सहा वर्षांच्या मुलाला रात्री लघवीसाठी बाहेर न्यावेच लागणार, याचाही विचार करावा.

दांडिया बाजारची मावशी:
मांडवीकरांचे म्हणणे पटते, पण एप्रिल अगदीच बाद करू नये. आम्ही दिवसा वाटाड्याबरोबर फिरलो, तेव्हा त्याने कमरेएवढे एक वारूळ दाखवले. त्याला हातभर खोल भोक पाडलेले होते आणि कडेच्या मातीवर लांब नखांचे ओरखडे उमटले होते. अस्वल भोकाला तोंड लावून वाळवी कशी ओढून घेते, हे त्याने गाल आत ओढून करून दाखवले, तेव्हा माझा नातू दिवसभर तेच करत राहिला.

विस्तवाबाबत मात्र हयगय नको. उन्हाळ्यात सागाचा पाला पापडासारखा वाळलेला असतो. एकदा दुसऱ्या एका जंगलात आमच्यातल्याच एका गृहस्थांनी गार झाली असे समजून राख पाल्याकडेला टाकली आणि पुढचा अर्धा तास आम्ही सर्वांनी पिण्याचे पाणी ओतून धूर विझवला. दशम्या आणि चटणी घरूनच न्यावी.

सुरसागरकाठचा:
दोघांचेही आभार. मुक्काम डिसेंबरवर ढकलला आहे. एप्रिलमध्ये वाटाड्या घेऊन, ऊन चढायच्या आत वारुळे पाहून त्याच दिवशी परत येऊ. मावशी, दशम्या दुधातल्या की गुळाच्या? गुळाच्या वासाने अस्वल मागे लागेल, अशी शंका धाकट्याने काढली आहे.

दांडिया बाजारची मावशी:
दुधातल्या. शंका रास्त आहे.