एचओ (१:८७) प्रमाणातील प्रतिकृती प्रवासी डबा वळणावर रुळांवरून घसरतो

प्रश्न – कोथरूडकर
कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय लहानपणापासून इतक्या वेळा पाहिले आहे की स्वतःही काही बांधावे, ही इच्छा फार जुनी होती. यंदा आयसीएफ (चेन्नईचा इंटिग्रल कोच फॅक्टरी हा कारखाना) पद्धतीच्या डब्याचे प्लॅस्टिकचे किट (१:८७) मिळवून ते पूर्ण केले आणि डेक्कन क्वीनच्या जुन्या निळ्या-पांढऱ्या रंगात रंगवले. सरळ रुळांवर डबा व्यवस्थित धावतो. मात्र ४५७ मिमी त्रिज्येच्या वळणावर, तेही डावीकडे वळतानाच, पुढची बोगी (डब्याखालची चाकांची फिरती चौकट) घसरते. डब्याचे वजन ९५ ग्रॅम आहे. याखेरीज खिडक्यांच्या आतल्या पारदर्शक पट्टीवर पांढरट धुके धरले असून ते कापडाने पुसले जात नाही. चूक नेमकी कोठे झाली असावी?

उत्तर – बोगीवाला
प्रथम शेजारचे डबे सोडवून हा एकटा डबा बोटाने हळू ढकलत त्याच वळणावरून न्यावा. एकटा असताना घसरला नाही, तर दोष कपलिंगचा (दोन डबे जोडणाऱ्या आकड्याचा) आहे असे समजावे. कारण कपलिंग डब्याच्या सांगाड्याला जोडलेले असेल, तर लांब डब्याचे टोक वळणावर रुळांच्या बाहेर जाते आणि शेजारचा डबा बाजूला ओढला जातो. एकटा असतानाही घसरला, तर डबा उलटा करून बोगी दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावी. एकाच दिशेला घसरत असल्याने माझा संशय तळाखाली लावलेल्या बॅटरीच्या पेटीवर आहे. किटमधील हे भाग चिकटवताना अर्धा मिमी जरी बोगीकडे सरकले, तरी चाक त्यांना अडते आणि सरळ मार्गावर त्याचा पत्ताही लागत नाही.

बोगींचे स्क्रूही तपासावेत. एका बोगीचा स्क्रू इतपतच आवळावा की ती डावी-उजवीकडे वळेल पण डुलणार नाही. दुसरीचा थोडा सैल ठेवावा, म्हणजे ती सर्व बाजूंनी डुलू शकेल. दोन्ही घट्ट ठेवल्या की रूळ जरासा वरखाली असला तरी एक चाक हवेत राहते. दोन्ही सैल सोडल्या, तर डबा बैलगाडीसारखा झुलतो.

उत्तर – सदाशिवपेठी
वजनाचे एक सूत्र उपयोगी पडते. अमेरिकेच्या एनएमआरए या छोट्या रेल्वेगाड्यांच्या छांदिष्टांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार एचओ वाहनाचे वजन मूळ १ औंस (सुमारे २८ ग्रॅम), अधिक लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असावे. आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृती सुमारे २४५ मिमी. त्यानुसार वजन १६५ ग्रॅमच्या आसपास येते. बोहरी आळीत मिळणारे लोखंडी वॉशर फरशीवर, शक्य तितके खाली चिकटवावेत. आपल्यासाठी हे अधिकच महत्त्वाचे, कारण ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील १६७६ मिमी अंतर १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ मिमी होत असूनही आपण १६.५ मिमी अंतराच्या रुळांवर ३७ मिमी रुंदीचा डबा चालवतो. हा तडजोडीचा प्रकार मला मनापासून खुपतो, पण तयार रूळ तेच मिळतात.

धुके हा सुपरग्लूच्या वाफेचा परिणाम आहे. बंद डब्यात ती कोंडते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. पट्टी काढून बदलणेच इष्ट. नवी पट्टी कडेने अगदी थोड्या पांढऱ्या फेविकॉलने बसवावी. तो वाळल्यावर बहुतांशी पारदर्शक होतो.

प्रत्युत्तर – कोथरूडकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बॅटरीची पेटी खरोखरच चाकाला अडत होती. तिचा कोपरा कानशीने घासल्यावर एकटा डबा दहा फेऱ्यांत एकदाही घसरला नाही. वजन आता १६० ग्रॅम आहे. शेजारचा डबा जोडला की मात्र टोके एकमेकांना घासतात, तेव्हा वळणाची त्रिज्या ६०० मिमीच्या पुढे नेणे भाग आहे. त्यासाठी टेबल दिवाणखान्यातून गच्चीलगतच्या खोलीत हलवावे लागेल, आणि ती बोलणी घरात सध्या चालू आहेत.