मदत हवी आहे: बिल रसेल एकाच वेळी खेळायचा आणि कोचिंगही करायचा, ते कसं?

नमस्कार मंडळी. आमच्या बास्केटबॉलच्या पोरांसमोर अमेरिकन बास्केटबॉलपटू बिल रसेलवर दहा मिनिटं बोलायचंय आणि एका जागी गाडी अडली आहे.

खेळाडू म्हणून 13 हंगामांत 11 विजेतेपदं, सगळी बोस्टन सेल्टिक्सकडून. हे पोरांना पाठ आहे. मला अडतंय ते पुढचं. 1966 मध्ये रेड ऑरबाखनंतर तोच कोच झाला, एनबीएतला (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आणि खेळणं चालूच! पहिल्या वर्षी फिलाडेल्फियाकडून हरले, मग 1968 आणि 1969 दोन्ही जिंकले. 1969 च्या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना तर लॉस एंजेलिसमध्ये, 108-106.

आता सांगा, स्वतः रिबाउंडसाठी (हुकलेला चेंडू पकडायला) उड्या मारताना दुसऱ्याला बाहेर कधी बसवायचं हे ठरवायचं कसं? दमल्यावर स्वतःला बदलायचं कोणी? (मला तर गल्लीतल्या मॅचमध्येही जमत नाही.)

पुढे कोच म्हणून सिएटलच्या संघाला त्याने 1975 मध्ये पहिल्यांदा प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) नेलं, पण सॅक्रामेंटोच्या संघाबरोबर 17 विजय, 41 पराभव. हेही पोरांना सांगावं का? मला तरी सांगावंसं वाटतं.

जुन्या मुलाखती किंवा सामन्यांची चित्रफीत कोणाला माहीत असेल तर कृपया कळवा. रविवारी बोलायचंय.