टिक्का टी३एक्स लाइट रायफल डोंगरातल्या शिकारीसाठी: आधी काय बदलू?

डेन्व्हरकर: मंडळी, कोलोरॅडोत एल्कच्या (मोठं हरीण) शिकारीसाठी ६.५ क्रीडमोर काडतुसाची टिक्का घेतलीये, नुसती रायफल ३ किलोच्या आतच आहे पण प्लास्टिकचा स्टॉक (दस्ता) फार पोकळ वाटतो, कार्बन फायबरचा टाकू का?

डोंगरवेडा: स्टॉक नंतर बघा हो. आधी हलका स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घ्या, जड स्कोप न् तो धरणाऱ्या जाड रिंग्ज लावल्या की वाचवलेलं सगळं वजन तिथेच परत येतं. ट्रिगर अजिबात बदलू नका, मुळातच छान आहे, आतला स्क्रू फिरवून आणखी हलका होतो.

मोंटानावाली: नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावला की त्याने धक्का कमी होतो पण आवाजाने कान जातात, कानात प्लग हवेतच. ब्रेक बसवायला नळीला आटे नसतील तर गनस्मिथकडून (बंदूक कारागीर) पाडून घ्या. आणि बर्फ आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेप लावा.

डेन्व्हरकर: मग आधी स्कोपच. थँक्स!