कळंब्याच्या घराला जिओथर्मल बसवावं का?

मंडळी नमस्कार,
इथं अपस्टेट न्यूयॉर्कला आमच्या घरी जिओथर्मल बसवलं तेव्हापासून घर तापवायच्या ऑइलचा टँकर दारात आलेला नाही, हिवाळ्यात ऊब, जुलैत गारवा, मी एकदम खूश. आता कोल्हापूरजवळ कळंब्याला आई-बाबांचं घर बांधायला काढलंय तर म्हटलं तिथंपण हेच करू, नाहीतरी बोअर मारायचीच आहे. एका कंपनीचं कोटेशन आलंय, ते बघून धाकटा भाऊ म्हणतोय एवढ्यात वर अजून एक मजला चढेल. कुणी केलंय का तिकडं?

---

अरे जिओथर्मल म्हणजे उन्हवऱ्याला निघतंय ते गरम पाणी का? कळंब्यात कुठनं आणणार? आणि मे महिन्यात त्याचं करणार काय :)
– काका, न्यू जर्सी

---

काका, ते झरे वेगळे, हे वेगळं. यात जमिनीतनं पाणी काढत नाहीत, बोअरमध्ये प्लास्टिकच्या पाइपचा लूप सोडतात आणि त्यातनं पाणी फिरवतात. दहाएक मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकच, त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीएवढं. अपस्टेटला ते 10 डिग्रीच्या आसपास, म्हणून बाहेर उणे 15 असलं तरी त्या लूपला जोडलेला हीट पंप (एसीसारखंच यंत्र, हिवाळ्यात उलटं चालतं) एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता घरात ओढतो.

दादा, कोल्हापुरात हेच तापमान 25 च्या पुढं आहे. मे मधल्या 37-38 च्या हवेपेक्षा ते बरंच, ते खरं, पण तुमच्याकडं उन्हाळ्यात जमिनीत टाकलेली उष्णता हिवाळ्यात परत काढून घेता, जमिनीचा हिशोब मिटतो. इथं हिवाळ्यात हीटर कोण लावतंय? नुसतं टाकतच राहायचं, मग बोअरभोवतालचा काळा पाषाण वर्षागणिक तापत जातो आणि पंपाला जास्त जोर लागतो. तो टाळायचा तर लूप लांब घ्या, म्हणजे अजून बोअर. तुमच्याकडंच एसीच्या एका टनाला 150-200 फूट बोअर धरतात, तीन टनाला किती ते बघा, आणि सगळं बेसाल्टमधनं. एवढं करून एसी लागणार मार्च ते मे, त्यातपण वळीव पडला की रात्री पंख्यावर भागतंय.

आणि ही बोअर पाण्याच्या बोअरसारखी नव्हे. आपला बोअरवाला मुरूम संपेपर्यंत केसिंग घालतो, खाली उघडा दगड. इथं पाइप सोडून, प्रेशर टेस्ट करून, तळापासून वरपर्यंत बेंटोनाइटचं ग्राउट, म्हणजे चिकणमातीचा घट्ट लगदा, भरावं लागतं. नाहीतर पाइप आणि दगडात हवा राहते आणि उष्णता पुढं जातच नाही. एकदा भरलं की पाइप परत निघत नाही. कोटेशनमध्ये ग्राउटची ओळ आहे का तेवढं आधी बघा!

माझं मत विचाराल तर गच्चीला चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, ऊन परतवते), पश्चिमेच्या भिंतीला सावली, दोन बेडरूमला इन्व्हर्टर एसी आणि वर 3 किलोवॉट सोलर. सूर्यघर योजनेत त्याला 78 हजार सबसिडी आहे, मीटर मात्र बाबांच्या नावावर पाहिजे.
– तुमचाच जुना मेंबर, आता मुक्काम रुईकर कॉलनी, कोल्हापूर

---

आभारी आहे राव. कोटेशनमध्ये ग्राउट शब्दच नाही!! भावाला कळवलं, तो आता महिनाभर ऐकवणार. इकडं अमेरिकेत ज्यांचं बसवायचं राहिलंय त्यांच्यासाठी, स्वतः विकत घेतलं तर मिळायचं ते 30 टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट 2025 च्या डिसेंबरअखेर संपलं, आम्हाला त्यामुळंच परवडलं होतं. आणि कळंब्याच्या बाजूला चायना मोझॅक नीट करणारा गवंडी कुणाला माहीत असेल तर प्लीज पर्सनल मेल करा.