नखुरडं नेमकं कशाला म्हणायचं?

आमच्या सासूबाई नखाला काहीही झालं की "नखुरडं झालं" म्हणतात. माझ्या बोटाच्या कडेला सूज येऊन पू झाला ते नखुरडं आणि ह्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड होऊन भुगा पडतोय तेही नखुरडंच. डॉक्टर एकाला पॅरोनिकिया म्हणाले, दुसऱ्याला फंगल, म्हणजे बुरशीचं. मग बरोबर काय?

— नखुरडं म्हणजे पहिलंच. नखाच्या कडेचं मांस लाल होतं, ठणका असा लागतो की रात्री झोप नाही, मग पू साठतो. नख दाताने कुरतडणं, कडेची साल ओढणं, पार्लरमध्ये क्युटिकल कापून घेणं, यातून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. दुसऱ्याला आमच्या सांगलीकडे "नख किडलं" म्हणतात, मला तरी तोच शब्द पटतो कारण तिथे बिघडतं ते नखच.

— सुश्रुतसंहितेत हे दोन्ही वेगळेच आहेत. नखाच्या मांसात आग, वेदना आणि पिकणं म्हणजे चिप्प, त्यालाच उपनख असंही म्हटलंय. आणि मार लागून नख काळं, खरखरीत झालं तर कुनख. पण कुनख म्हणजे आजचं फंगल असं सरळ समीकरण नका मांडू, तिथे कारण मार लागणं दिलंय.

— आमच्याकडे नखुरड्यावर लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून ठेवायचे 😀

— लिंबाने चरचरतं फक्त, पू काही निघत नाही. सुरुवातीला कोमट पाण्यात बोट शेकावं दिवसातून तीन चार वेळा, पू दिसला तर डॉक्टरकडून काढून घ्यावा, घरी सुई खुपसू नये. पाण्यासारखे बारीक फोड आले असतील तर ते हर्पिस या विषाणूचंही असू शकतं आणि ते कापायचं नसतं. डायबेटिस असेल तर मुळीच थांबू नका. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचं सहा आठवड्यांच्या वर रेंगाळणारं नखुरडं वेगळं, तिथे हात कोरडे राहिल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही.

— आणि चिखल्या? त्याही यातच का?

— नाही हो, चिखल्या बोटांच्या बेचक्यात, पावसाळ्यात. पण तीच बुरशी पुढे नखात जाऊ शकते, आणि पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून गोळ्या तीन महिने घेतल्या तरी नख स्वच्छ दिसायला वर्ष दीड वर्ष जातं. ह्यांना सांगा, मध्येच वैतागून सोडू नका.